उच्छ्वासातले बेडूक

पुण्यात आल्यावर ओळखीचं असं मला पहिलं कोण भेटलं असेल, तर तो एक बेडूक. माणसं सगळी परकी होती.

कात्रजच्या तळ्यातून शहरातल्या हौदांना पाणी आणणारा दगडी नळ जमिनीखालून येतो. नळ म्हटलं की लोकांना मोरी वाटते. पण माणूस मान वाकवून चालेल एवढं ते बांधीव भुयार आहे. वाटेत ठिकठिकाणी विहिरीसारखे उभे दगडी मार्ग आहेत, त्यांना उच्छ्वास म्हणतात. आतली हवा वर जावी, गाळ खाली बसावा आणि तो काढायला माणसाला उतरता यावं, यासाठी ते ठेवलेले. गाळ काढणाऱ्या टोळीत मी नवा होतो. पहिल्याच दिवशी मला कमरेला दोर बांधून अशा एका उच्छ्वासात सोडलं. खालून गार वास येत होता. पाय ठेवायला भिंतीत खोबण्या होत्या, आणि त्यातल्या एकीत, माझ्या नाकासमोर, तो बसला होता. पाठ कुंकवासारखी लाल, जणू कुणी करंडा उपडा केलाय. दोन्ही कुशी काजळासारख्या काळ्या, पायांवर राखाडी पट्टे. माझ्याकडे बघत घसा हलवत होता. हा आमच्या डोंगरातला. मी त्याला म्हटलंसुद्धा, अरे, तू इथं कसा? वरून कुणी तरी विचारलं, आत कुणाशी बोलतोस रे.

माझं गाव जावळीच्या खोऱ्यात. कोथरूडाकडच्या चार बाभळींना पुण्याचे लोक रान म्हणतात. आमच्या रानात भर दुपारीसुद्धा ऊन पानांना विचारून खाली येतं. पावसाळ्यात तिथं बेडूक इतक्या तऱ्हांचे निघतात, की सगळे एकाच देवानं केले असतील असं वाटत नाही. एक हिरवागार, झाडावर राहणारा. त्याच्या बोटांमधलं कातडं शेंदरी असतं आणि बोटं फाकून तो या फांदीवरून त्या फांदीवर पान गळावं तसा तरंगत येतो. त्याची मादी पाण्यावर वाकलेल्या पानांत पायांनी फेस घुसळून घरटं करते. अंडी त्या फेसात. पिल्लं झाली की फेस विरघळतो आणि ती टपटप खाली डबक्यात पडतात. ओढ्यातल्या दगडांखाली दुसरा एक असतो, अंगभर सुरकुत्या पडलेला, म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखा. तो दगड सोडून सहसा बाहेर येत नाही. कड्यावरून पाणी नुसतं पाझरतं, तिथं ओल्या कातळाला चिकटूनच वाढणारी पिल्लं असतात. लांब शेपटी, खाली डबकं नाही, काही नाही; बोट लावलं की टुणकन उडतात. करवंदीच्या जाळीत अंगठ्याच्या नखाएवढा एक बसतो, त्याचा आवाज मात्र दोन गारगोट्या आपटाव्यात तसा. आणि ओलसर सांदीकपारीत, कधी कधी घरातल्या रांजणामागेसुद्धा, हा लाल पाठीचा.

एवढं मला ठाऊक झालं ते वडिलांमुळे. ते हिरडे गोळा करायचे आणि मी मागे पाटी घेऊन चालायचो. ते म्हणायचे, बेडूक रानाचा पहारेकरी आहे. फरक इतकाच, की आपला पहारेकरी कुणी आलं की ओरडतो आणि हा गप्प बसतो.

त्यांच्या या बोलण्याचा अर्थ मला एका श्रावणात कळला. ओढ्याकाठी आम्ही वाकून हिरडे वेचत होतो. बेडकांचा नुसता गलका चालू होता. एकाएकी वरच्या अंगाचा आवाज थांबला. मग त्याच्या खालचा. मग त्याच्या खालचा. शांतता ओढ्याच्या काठाकाठानं चालत आमच्याकडे येत होती. वडिलांनी माझ्या तोंडावर हात दाबला आणि मला जाळीत ओढलं. आमच्या समोरचे बेडूक गप्प झाले, मागोमाग उग्र वास आला, आणि पानांपलीकडून काहीतरी पिवळं, सावकाश, कसलीही घाई नसलेलं निघून गेलं. आम्ही श्वास धरून बसलो. वरच्या अंगाला एक बेडूक बोलला. मग दुसरा. वडिलांनी हात काढला आणि म्हणाले, गेला. आता तिथं काहीच हलत नाही.

तेव्हापासून मी भित्राच. कडी लावल्यावर पुन्हा उठून ती बघणारा. देवळातल्या पंतोजींकडे धूळपाटीवर बाराखडी झाली, पावकी-निमकी चालू होती, तेवढ्यात वडील तापानं गेले आणि शाळा सुटली. घरात मीच मोठा. हिरड्याच्या बैलांबरोबर घाट चढून पुण्याला आलो आणि इथं मलाही ताप भरला. बैलवाले थांबेनात. एका हौदाच्या कट्ट्यावर पडलो होतो, तिथून मला नाईकांनी उचललं.

नाईक म्हणजे आमच्या टोळीचे मुख्य. त्या दिवशी ते हौदाची तोटी बघायला आले होते. मी कोण, कुठला, हे त्यांनी विचारलं ते मी बरा झाल्यावर. तोवर त्यांच्या कारभारणीनं, काकींनी, मला पेज पाजली, स्वतःच्या मुलाला पाजावी तशी. त्यांना मूल नव्हतं. पुढे मी त्यांच्याच पडवीत राहिलो, त्यांच्याच टोळीत लागलो. पडवीत मी कडी बघायला उठलो की काकी आतून म्हणायच्या, “कडी कुठं पळून जात नाही रे, झोप.” त्या दोघांनी उचललं नसतं तर माझं काय झालं असतं, याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही. अजूनही.

आता टोळीच्या रीतीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं पुढचं तिच्यावरून घडलं.

नळात कधी कधी हवा बिघडते. गाळ कुजतो, वरचं तोंड पाल्यानं बुजतं, आणि उतरलेला माणूस निजल्यासारखा खाली बसतो तो उठतच नाही. म्हणून आधी दोराला बांधून दिवा सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. ही झाली सगळ्यांची रीत. आमच्या टोळीची आणखी एक होती. उच्छ्वासाच्या तोंडाशी बसून बेडूक ऐकायचे. बोलत असतील तर हवा चांगली. गप्प असतील तर हवा गेली, लांब राहा. टोळीत धायरीचा एक जुना गडी होता, त्याच्या बापानं ही रीत घातली होती म्हणे, आणि हिच्यामुळे माणसं वाचली असं तो शपथेवर सांगायचा. मी कधी काही बोललो नाही. नवा माणूस, त्यात डोंगरातला. मला सगळे ‘डोंगऱ्या’च म्हणायचे.

दुसरी एक रीत खुद्द नाईकांची. पावसाळा सरला की तळ्याचं तोंड बंद करून नळ रिकामा करायचा आणि पहिली फेरी त्यांनी एकट्यानं मारायची. पावसानं कुठला दगड सुटलाय, कुठं भिंत फुगलीय, ते बघायचं, मग टोळी आत घालायची. कुणी बरोबर येतो म्हटलं तर म्हणायचे, अडकायचाच तर एक जीव अडकू दे. कमरेला दोरही ठेवत नसत, कारण वळणावर तो दगडांत गुंततो.

त्या वर्षी ही फेरी पितृपक्षातच आली. नळ बंद म्हणून हौद तळाला गेले होते, ऐन श्राद्धांच्या दिवसांत पाणी नाही म्हणून शहरात कुरकुर होती, आणि काम लौकर उरकावं म्हणून कचेरीतून एक कारकून येऊन बसला होता. छत्री, पानाचा डबा, सगळं घेऊन. सकाळी त्यानं आम्हाला सांगितलं, आपण सावकाश करा, पितरांना काय, ते थांबायला शिकलेले असतात.

धनकवडीच्या वरच्या उच्छ्वासातून नाईक हातात दिवा घेऊन आत गेले. त्यांना खालच्या उच्छ्वासातून वर यायचं होतं. आम्ही शेतांच्या बांधांवरून चालत तिथं जाऊन बसलो. तोंडावरची फरशी सरकवली, आणि आतून बेडकांचा आवाज आला. चांगला भरलेला आवाज, दगडात घुमणारा. धायरीचा गडी खूश झाला. आम्ही बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं आवाज विरळ झाला. आधी लांबचे थांबले, मग जवळचे दबकले. शेवटी एकच राहिला आणि तोही थांबला.

धायरीच्या गड्याचा चेहरा उतरला. तो उठून तोंडाशी गेला, कान लावला आणि म्हणाला, “हवा गेली. नाईक आत हायेत.” बाकीचे उभे राहिले. कुणी पागोटं काढून हातात धरलं. मला मात्र, खरं सांगतो, तेव्हा बरं वाटत होतं. शांतता वरून खाली आली होती, ओढ्याकाठी आली होती तशीच. कुणीतरी पावलं टाकत येत होतं. मी म्हणालो, घाबरू नका, येतायत ते.

आम्ही तोंडाकडे बघत राहिलो. आत्ता पागोटं दिसेल, आत्ता हात दिसेल. काही दिसलं नाही. हाका मारल्या, पण त्या उच्छ्वासात बुडून जायच्या.

आणि मग एक बेडूक बोलला.

मग त्याच्या पलीकडचा. हळूहळू सगळे. धायरीच्या गड्यानं डोळे मिटून हात जोडले, मटकन खाली बसला आणि कमरेची तंबाखूची चंची सोडली. “आली हवा,” तो म्हणाला. “आता येतील नाईक.” बाकीचेही बसले. कुणीतरी हसलं. चंची फिरू लागली.

मला एकदम वडिलांचा हात तोंडावर आल्यासारखा वाटला, आणि त्यांचं बोलणं ऐकू आलं. आता तिथं काहीच हलत नाही.

मी धायरीच्या गड्याला सांगायला गेलो. कसंबसं सांगितलं, की बेडूक हवेला भीत नाहीत, पावलांना भितात. ते गप्प झाले तेव्हा नाईक चालत होते. आता बोलतायत, म्हणजे नाईक चालत नाहीत. त्यानं तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिलं.

“बेडकाची भाषा पंतोजीनं शिकवली व्हय रं डोंगऱ्या?”

सगळे हसले. तो वाईट माणूस नव्हता. घाबरून उठला होता, आता त्याला पुन्हा घाबरायचं नव्हतं. मी म्हटलं, मला खात्री नाही, पण मी उतरून बघतो. तो म्हणाला, नाईकांचा हुकूम हाय, पहिल्या फेरीला दुसरा मानूस आत जायचा न्हाई. ते खरंच होतं. मी कारकुनाकडे गेलो. त्यानं छत्री जरा तिरकी करून माझं ऐकून घेतलं, उच्छ्वासाकडे पाहिलं आणि म्हणाला, “मी तुम्हाला जा म्हणत नाही आणि नको म्हणत नाही. मला फक्त संध्याकाळी जाऊन किती माणसं आत गेली आणि किती बाहेर आली ते सांगायचंय. ते दोन आकडे सारखे असावेत, एवढं बघा.”

त्या वेळी मला उतरायचं नव्हतं. कुणी हात धरून बसवलं असतं तर मी बसलो असतो. पण कुणी धरला नाही, आणि काकींची पेज आठवली.

खोबण्या ओल्या होत्या. मी उतरायला लागलो आणि माझ्या पायाशी असलेले बेडूक गप्प झाले. माझ्या दिव्याच्या उजेडात लाल पाठी चमकायच्या आणि भिंतीत शिरायच्या. एकावर माझा हात पडला. गार, लिबलिबीत काहीतरी बोटांना लागलं. कपाळावरचा घाम पुसताना तेच डोळ्यात गेलं आणि डोळा असा चरचरला, की मी आंधळा झालो असंच मला वाटलं. खाली पोचलो तेव्हा एकच डोळा उघडत होता.

तळाशी घोट्यापर्यंत गाळ. मी वरच्या अंगाला वळलो. मान वाकवून, एक हात भिंतीला धरून. माझ्याभोवती शांतता आणि पुढे, अंधारात, बेडकांचं बोलणं. मी पावलं टाकली की पुढचे थांबायचे आणि त्यांच्या पलीकडचे चालूच असायचे. ते चालू आहेत तोवर तिथं नाईक हलत नाहीत. ते चालू नसावेत म्हणून मी देवाला विनवत होतो. भुयारात बेडकांनी गप्प बसावं म्हणून नवस करणारा माणूस माझ्याआधी झाला नसेल.

दिव्याची ज्योत पुन्हा पुन्हा बघत होतो. ती सरळ होती. हवा चांगलीच होती, आणि त्यानं माझी भीती वाढलीच. हवा नाही, तर मग काय? साप, दगड, की त्यांचं काळीजच थांबलं?

एका वळणाशी मी उभा राहिलो, डोळा पुसायला. मी हललो नव्हतो. तरीही पुढचे बेडूक थांबले. आधी जवळचे नव्हे; मधलेच, कुठले तरी आतले. मग त्यांच्या दोन्ही बाजूंचे.

तिथं काहीतरी हललं होतं.

मी भिंतीला चिकटलो. ओढ्याकाठचा तो पिवळा रंग डोळ्यांपुढे आला. इथं वाघ कुठून येणार, हे कळत होतं, पण अंगाला कळत नव्हतं. किती वेळ तसा होतो कोण जाणे. मग, घशातून निघेल तेवढ्याच आवाजात, मी म्हटलं, “नाईक?”

मग अगदी हळू, “कोण?”

“मी.”

“डोंगऱ्या. हळू बोल. वरचा दगड ऐकतोय.”

मी रांगत गेलो. भिंतीतला एक मोठा चिरा घसरून खाली आला होता आणि त्याखाली, गाळात, नाईकांचं पाऊल अडकलं होतं. दिवा पडून विझला होता. ते भिंतीला टेकून बसले होते, हात मांडीवर, पुतळ्यासारखे. पाय ओढायला गेले की चिरा हलायचा आणि त्याच्यावरच्या कमानीतून माती झडायची. म्हणून त्यांनी ओढणं सोडलं, ओरडणंही सोडलं, आणि नुसते बसून राहिले. माझी पावलं ऐकल्यावर त्यांनी पुन्हा एकदा पाय ओढून पाहिला, तेवढाच. त्यांच्या खांद्यावर एक लाल पाठीचा बेडूक होता.

“हा मघापासून बसलाय,” ते म्हणाले. “मला दगड समजला. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.”

मी हसलो नाही. मी रडत होतो. त्यांनी मला रडू दिलं, मग सांगितलं, की चिऱ्याला हात लावायचा नाही, तो वरचं सगळं तोलून आहे. खालचा गाळ काढायचा. मी हातांनी गाळ उपसत राहिलो, कुत्र्यानं उकरावा तसा. दर थोड्या वेळानं वरून माती पडायची आणि आम्ही दोघं थांबायचो. एकदा ओंजळभर पडली. नाईकांचा हात माझ्या मानेवर आला आणि तिथंच राहिला. तेव्हा मला कळलं, की तेही भ्यालेत. मी त्यांना कधी भिताना पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, भीती फक्त माझ्या वाट्याला आलीय.

“तुला कसं कळलं रे?” त्यांनी विचारलं, बहुधा मला बोलतं ठेवायला.

बेडूक बोलायला लागले म्हणून, मी सांगितलं.

“म्हणजे मी जितका शहाण्यासारखा गप्प बसलो, तितकं वर सगळ्यांना बरं वाटत होतं.”

“होय.”

“रीत बदलायला पाहिजे,” ते म्हणाले, आणि तेवढ्यात पाऊल सुटलं. वहाण आत राहिली, वरचं कातडंही राहिलं. मी त्यांना पाठीवर घेऊ शकलो नाही, भुयार तेवढं उंच नव्हतं. त्यांचे हात माझ्या गळ्यात अडकवून मी पुढे रांगलो आणि ते मागे घसरत आले. आमच्या मागे काहीतरी ढासळल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं नाही. पुढचे सगळे बेडूक गप्प होते, उच्छ्वासापर्यंत, आणि तेवढी गोड शांतता मी आयुष्यात ऐकली नाही.

एकेका खोबणीत नाईकांचा धड पाय ठेववत वर आलो, तेव्हा धायरीचा गडी तोंडाशी आडवा पडून आत हात घालून होता. आम्ही आत असताना बेडूक गप्प झाले ते ऐकून तो पार खचला होता. नाईकांना त्यानंच वर ओढलं, आणि मग मला, आणि मग बराच वेळ माझं मनगट सोडलंच नाही. कारकून छत्री टाकून आला होता. पाणी कधी सुटेल, असं विचारायला त्यानं तोंड उघडलं असावं. नाईकांचा पाय दिसला, आणि त्यानं खांद्यावरचं धुतलेलं उपरणं काढून माझ्या हातात दिलं. “आकडे जुळले,” एवढंच म्हणाला.

नाईकांचा तो पाय पुन्हा सरळ पडला नाही. ते परत कधी नळात उतरले नाहीत. पण टोळीला त्यांनी नवी रीत घालून दिली: आत माणूस असताना बेडूक बोलायला लागले, की चंची बाजूला ठेवायची आणि दोर घ्यायचा. धायरीचा गडी आता ही रीत आपल्याच बापानं घातली असं नव्या पोरांना सांगतो.

काकी गेल्या. नाईक आता फार म्हातारे झालेत, मागच्या खोलीत पडून असतात आणि मी पडवीत. परसातल्या हौदात बेडूक आहेत, साधेच, देशावरचे, मळकट. नाईक खोकतात, कूस बदलतात, तोवर ते गप्प असतात. मग कधी तरी दिवेलागणीला एक बोलतो, त्याच्यामागून दुसरा, आणि मी हातातलं काम टाकून आत जातो.

मी दारात उभा राहिलो की ते डोळे न उघडता पांघरुणाखालचं ते वाकडं पाऊल जरासं हलवून दाखवतात.

“हललो रे बाबा,” म्हणतात. “जा, भाकरी खा.”